सुगरणीचे घरटे आणि सदक्याचा एक वाटा

पावसाळ्यात भिवंडीबाहेर भातखाचरांच्या कडेला, बाभळीवर किंवा शिंदीच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबकळू लागतात. शहरात दिवसरात्र माग खटखटत असतात आणि थोड्याच अंतरावर हा विणकर नुसत्या चोचीने गवताची पाती ओवत असतो. विणकरांच्या गावातल्या किती मुलांनी तो पाहिला आहे? बहुतेकांनी पुस्तकातल्या चित्रात, बस्स.

या पक्ष्याचे घरगुती रहस्य उलगडले ते आपल्याच समाजातल्या डॉ. सालिम अली यांनी. त्यांचा जन्म 1896 चा, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले; खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी वाढवले. एकदा छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही खाणे जायज आहे का, अशी शंका घेऊन पोर मामांकडे गेले. मामांनी रागावून हाकलले नाही. त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सचिवांकडे, मिलार्डसाहेबांकडे पाठवले. सोसायटी 1883 पासूनची. साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकेक उघडून दाखवले आणि मुलाचे आयुष्य ठरून गेले.

पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. 1926 मध्ये सालिम अलींना मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्ग विभागात नोकरी लागली. काम काय, तर येणाऱ्यांना प्राणी-पक्ष्यांची माहिती समजावून सांगणे. रजा घेऊन ते जर्मनीत शिकायला गेले. 1930 मध्ये परतले तेव्हा ती जागाच रद्द झाली होती. कारण साधे होते: पैसे नव्हते. मग अलिबागजवळ किहीमला राहायला गेले आणि तिथे सुगरणीवर नजर ठेवली. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तर संसार मांडते. नर पुढचे घरटे दुसऱ्या मादीसाठी विणायला घेतो. सालिम अलींना किहीम होते. नोकरी गेलेल्या प्रत्येक शिकवणाऱ्याला ते नसते.

संस्थेकडे पैसा आटला की बहुधा पहिली कुऱ्हाड समजावून सांगणाऱ्या माणसावर पडते. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. सत्तरच्या दशकात गेटी पुरस्काराची मोठी रक्कम मिळाली तेव्हा त्यांनी ती निसर्गरक्षणाच्या निधीत घातली. मूळ रक्कम राखायची आणि तिच्यातून काम चालवायचे. आपल्याला ही कल्पना नवी नाही. वक्फ म्हणजे तरी दुसरे काय?

त्याच सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र गोरेगावला फिल्मसिटीजवळ, राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. जागा 33 एकर. मुलांना जंगलवाटेवर नेऊन फुलपाखरू, कोळ्याचे जाळे, बिबट्याच्या पावलाची खूण दाखवायची, तर सोबत जाणकार माणूस हवा आणि त्याला पगार हवा. ही संस्था ना-नफा आहे. देणगीवर अवलंबून राहावेच लागते.

इथे घरोघरी विचारला जाणारा प्रश्न: जकात चालेल का? जकातीचे हक्कदार कुरआनने ठरवून दिले आहेत, तेव्हा ती गरिबांनाच पोहोचू द्या. नफिल सदका मात्र मोकळा आहे. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, जनावराने किंवा पाखराने खाल्ले तरी तो सदकाच, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. रक्कम देताना ‘शिक्षणासाठी’ असे लिहून द्या आणि पावती मागून घ्या. कारखानदार भावांनी एखाद्या उर्दू किंवा मराठी शाळेच्या वर्गाला गोरेगावला न्यायच्या बसचे भाडे उचलले, तरी ते याच खात्यात जमा. इफ्तारच्या मंडपावर आपण याहून कितीतरी जास्त खर्च करतो, रागावू नका.

आणि बस ठरेपर्यंत एखाद्या रविवारी मुलांना खाचराच्या कडेला घेऊन जा. लटकत्या घरट्याला हात लावू देऊ नका. नापसंत होऊन अर्धेच राहिलेले एखादे खाली पडलेले मिळाले, तर घरी आणा आणि ज्यांनी हातमाग चालवला आहे त्या आजोबांपुढे ठेवा.