वाळूच्या टेकाडांमधली ओली जमीन

एक परात घ्या. तिच्यात कोरडी वाळू ओता आणि हाताने वाळूचे दोन ढीग करा. दोन ढिगांच्या मध्ये खोलगट जागा राहील. तिथेही बोटभर वाळू असू द्या. आता तांब्याने एका ढिगाच्या माथ्यावर हळूहळू पाणी सोडा. पाणी वाहत खाली येणार नाही. ढीग ते पिऊन टाकेल. एक तांब्या संपला की दुसरा ओता. मग बघा काय होतं ते. ज्या मधल्या जागेवर तुम्ही थेंबसुद्धा टाकला नाही, तिथली वाळू आधी काळी पडेल, मग चिकचिकीत होईल, आणि शेवटी तिथे डबकं दिसू लागेल. ढिगाच्या माथ्यावर मात्र पाणी साचलेले दिसणार नाही.

राजस्थानच्या वाळवंटात अनेक शेतकऱ्यांच्या रानात हेच घडले आहे. ते कसे घडले, ते आम्ही या पाठात सांगणार आहोत.

राजस्थानच्या उत्तरेला गंगानगर, हनुमानगड आणि बिकानेर हे जिल्हे आहेत. इथे वाऱ्याने आणून टाकलेल्या वाळूची टेकाडे दूरवर पसरलेली आहेत. तिकडचे लोक टेकाडाला टीबा किंवा धोरा म्हणतात. दोन धोऱ्यांच्या मध्ये सखल, सपाट जमीन असते. आपल्याकडेही सखल जागेला लवण म्हणतात, आणि पोथीच्या भाषेत मिठालाही लवणच म्हणतात. या पाठात ही दोन्ही लवणे एकाच जागी भेटणार आहेत.

पूर्वी ही मधली सखल जमीन म्हणजे तिथल्या कुणब्याचे सोने होते. धोऱ्यावर नुसती भरभरीत वाळू. सखल जागी मात्र बारीक माती साठलेली. पाऊस वर्षाला जेमतेम दहा इंच; त्यातले चार थेंब या मातीत टिकत. बाजरी, मोठ, हरभरा जे काही पिकायचे ते इथे बरे पिकायचे. विहिरीचे पाणी मात्र फार खोल, आणि बऱ्याच ठिकाणी खारट.

या जमिनीत चुना फार आहे. तो आला कुठून? कोणी आणून टाकला नाही. वाऱ्याबरोबर आलेल्या धुळीतच तो थोडाथोडा असतो. पाऊस पडला की त्यातला थोडा विरघळतो आणि पाण्याबरोबर खाली जातो. आपल्या कोकणात पाऊस इतका पडतो की असा चुना धुऊन पार निघून जातो. वाळवंटात तेवढे पाणी कुठले? ओल दोन-चार फूट खाली जाते आणि तिथेच वाळते. पाणी उडून गेले, चुना मागे राहिला. अशी हजारो वर्षे गेली. मग त्या चुन्याचे खडे झाले. उत्तरेत त्यांना कंकर म्हणतात. आपण चुनखडीचे खडे म्हणतो. काही ठिकाणी हे खडे एकमेकांना चिकटून त्यांचा टणक थर झाला आहे. कुठे चिकणमातीचा थर आहे, कुठे जिप्समचा. आपल्या चोपण जमिनीत टाकायला पोत्यातून जे जिप्सम येते ना, तेच हे. देशातले बहुतेक खनिज जिप्सम राजस्थानातूनच निघते.

चुना ओळखायचा असेल तर खडा कुटून बारीक करा आणि त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले की समजा चुना आहे.

चुना हा जमिनीचा शत्रू नव्हे. तो मातीचे कण भुसभुशीत धरून ठेवतो. पण प्रमाणाबाहेर झाला, आणि त्यात जमीन ओली राहिली, तर पिकाला लोह मिळत नाही. लोह मातीत असते, पण मुळांना ते घेता येत नाही. भरल्या कणगीला कुलूप लावावे तशी गत. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपल्याकडचे ऊसवाले याला केवडा म्हणतात. स्फुरदाचे खतही अशा जमिनीत अडकून बसते.

आता टणक थराकडे पुन्हा लक्ष द्या. परातीचे बूड ते हेच. वर वाळू, खाली बूड. पाऊस दहा इंचच पडत होता तोपर्यंत या बुडाची कोणाला आठवण नव्हती. पाणी तिथपर्यंत पोचतच नव्हते.

मग कालवा आला. पंजाबात सतलज आणि बियास या नद्यांचा संगम आहे. तिथल्या हरिके बंधाऱ्यातून हे पाणी वाळवंटात न्यावे अशी योजना कंवर सेन या अभियंत्यांनी १९४८ मध्ये मांडली. ३१ मार्च १९५८ रोजी कामाचा पाया घातला गेला. ११ ऑक्टोबर १९६१ ला पहिले पाणी सुटले. आधी याचे नाव राजस्थान कालवा होते. १९८४ मध्ये ते इंदिरा गांधी कालवा असे झाले. हा कालवा एकंदर ६४९ किलोमीटर लांब आहे. एवढ्या वाळूतून माणसांनी पाणी नेले, ही गोष्ट लहान नाही. जिथे बायका कोस-कोस पाण्याला जात, तिथे गहू, कापूस, मोहरी डोलू लागली. ज्यांनी तहान काढली त्यांना पाण्याचे मोल आम्ही काय सांगावे?

पण पाण्याचा हिशेब वाळूप्रमाणे धरायला हवा होता. पहिल्या टप्प्यात दर हजार एकरांना ५.२३ क्युसेक पाणी ठरले. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे २८ लिटर. दुसऱ्या टप्प्यात हेच प्रमाण ३ क्युसेकवर आणावे लागले. यावरून पहिले प्रमाण किती सैल होते ते दिसते. शिवाय वाळूत पाट काढून पाणी भरायचे म्हणजे चाळणीत दूध ओतण्यासारखे. पीक प्याले त्याहून अधिक खाली मुरले. आणि खाली बूड आहे, हे आपण पाहिलेच. भूजल वर्षाला हात-दोन हात या गतीने वर येऊ लागले. वाळवंटात कोण विहिरीत डोकावून ‘पाणी वर आलं’ म्हणून काळजी करील? आधी तर लोकांना आनंदच झाला असेल.

याच सुमारास आणखी एक काम झाले. घग्गर नावाची पावसाळी नदी शिवालिक डोंगरातून येते आणि राजस्थानच्या वाळूत जिरून जाते. १९६० च्या दशकात तिच्या पुराचे पाणी गावांवर येऊ नये म्हणून सुरतगडजवळ एक कालवा काढून ते धोऱ्यांमधल्या सखल जागांत सोडले. वाळूच ती, पिऊन टाकील, असा भरवसा. वाळूने प्यायले खरे. पण ते पाणी शेजारच्या सखल जागेत निघाले, तिथून पुढच्या. सुरतगड आणि पिलीबंगा यांच्या मधल्या बडोपल, मानकथेडी या गावांच्या बाजूला शेते पाण्याखाली गेली, घरांच्या भिंती ओलीने खचल्या, कित्येकांना राहती जागा सोडावी लागली. आज बडोपलला खाऱ्या पाण्याचे मोठे तळे आहे. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात आणि लांबलांबून माणसे ते पाहायला जातात. पक्षी सुरेखच. पण त्या पाण्याखाली कोणाची तरी बाजरी होती, हेही पाहणाऱ्याने विचारावे.

आमचा एक जुना विद्यार्थी फौजेत होता. सुरतगडला त्याची बदली झाली होती. सुट्टीवर आला तेव्हा सांगायचा, “गुरुजी, एका बाजूला धोऱ्यावर पाय भाजतो आणि शंभर पावलं खाली उतरलं की गुडघाभर चिखल. त्यात पाणकणीस वाढलंय. बाभळी उभ्या वाळल्यात.” वाळवंटात झाड पाण्याने मेलेले त्याने पाहिले. तिकडे या रोगाला सेम म्हणतात. ‘जमिनीला सेम लागली’ असे म्हणतात. झाडांची मुळेही श्वास घेतात. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात.

आता मिठाकडे येऊ. उन्हात काम केल्यावर सदरा घामाने भिजतो. वाळला की पाठीवर पांढरे डाग पडतात. घामातले पाणी उडाले, मीठ राहिले. जमिनीचेही तसेच. भूजल पाच-सहा फुटांच्या आत आले की दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते मातीतून वर चढते. उन्हाने पाणी उडते आणि वर पांढरा खार फुटतो. चांगल्या गोड पाण्यातही थोडे क्षार असतात. आपण हिशेब करू. समजा, एका लिटर पाण्यात पाव ग्रॅम क्षार आहेत. जिभेला ते कळणारही नाहीत. एका एकराला चार इंच पाणी दिले, तर ते सुमारे चार लाख लिटर होते. चार लाखांचा पाव, म्हणजे एक लाख ग्रॅम. एक क्विंटल! एका पाळीला एक क्विंटल क्षार आपण आपल्या हाताने रानात टाकतो. निचरा असेल तर ते पाण्याबरोबर निघून जातात. निचरा नसेल तर पाळ्या मोजा आणि क्विंटल मोजा.

तुम्ही म्हणाल, मग चर खणावेत आणि पाणी काढून द्यावे. आपल्याकडे हाच उपाय आहे. पण काढून कुठे द्यायचे? परातीला भोक नाही. धोऱ्यांच्या मधल्या सखल जागेला चारी बाजूंनी काठ आहे. तिथे ओढा नाही, नाला नाही, समुद्र तर शेकडो कोस दूर. एका लवणातले पाणी पंपाने उपसून दुसऱ्या लवणात टाकले, तर शेजाऱ्याचे रान बुडते. या जमिनीचे सगळे दुखणे इथे आहे. आणि यात अन्याय असा, की पाणी जास्त घेणारा धोऱ्याच्या उतारावर असतो आणि बुडणारा खाली. ज्याची जमीन सगळ्यांत चांगली होती, त्याचीच आधी गेली.

म्हणून तिथे उपाय वरूनच करावे लागतात. कालव्याच्या काठाने निलगिरीची झाडे दाट लावली. निलगिरी पाण्याची मोठी खादाड. आपल्या कोरडवाहू रानात आम्ही ती लावा असे कधी सांगणार नाही, पण तिथे तिची हीच खोड उपयोगी पडली. ज्या ठिकाणी झाडे दाट होती तिथे भूजल खाली गेल्याचे आढळले. मात्र झाड पाणी पिते, मीठ पीत नाही. ते मुळांशी साठतच राहते. म्हणून एकटी निलगिरी पुरत नाही. पाटांना अस्तर करणे, धोऱ्यावर पाट न काढता तुषार सिंचनाने पाणी देणे, आणि मुळात कमी पाणी सोडणे, हे त्याच्या जोडीला हवे. खार थोडा असेल तिथे जव आणि मोहरी तग धरतात. अगदीच खारे पाणी साचले तिथे कोळंबी पाळण्याचे प्रयोगही हरियाणात आणि राजस्थानात झाले आहेत.

आपल्याकडे वाळूचे धोरे नाहीत, पण ओल आणि खार आहेच. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि थोड्याच वर्षांत त्याच्या लाभक्षेत्रात जमिनी पाणथळ होऊ लागल्या. दख्खनच्या कालव्यांवरच्या सिंचनाचा अभ्यास करायला १९१६ मध्ये मुंबई सरकारने खास विभाग काढला. पुण्याजवळ खडकवासल्याला जी केंद्रीय जल संशोधन संस्था आहे, तिची सुरुवात तीच. आज शिरोळ, मिरज, वाळवा या भागांत उसाची कितीतरी काळी जमीन चोपण होऊन पडली आहे. फरक एवढाच, की आपल्या जमिनीला उतार आहे आणि खाली ओढा आहे. आपल्या परातीला भोक पाडता येते. अडते ते दुसरीकडेच. चर शेजाऱ्याच्या रानातून न्यावा लागतो आणि शेजारी म्हणतो, ‘माझ्या रानातून नाही.’ राजस्थानच्या शेतकऱ्याने हे भांडण ऐकले तर तो काय म्हणेल, कोण जाणे.

तुमच्या रानात पाणी किती खोल आहे, हे तुम्हाला स्वतःला मोजता येईल. दोन इंची पाइपाचा सात-आठ फूट लांब तुकडा घ्या. खालच्या अर्ध्या भागाला बारीक भोके पाडा आणि त्यावर काथ्या गुंडाळा. रानातल्या सखल कोपऱ्यात गिरमिटाने भोक पाडून पाइप उभा पुरा. वीतभर वर ठेवा आणि तोंडाला टोपण लावा, म्हणजे पोरे खडे टाकणार नाहीत. दर महिन्याला, पाणी देण्याच्या आदल्या दिवशी, दोरीला खडा बांधून आत सोडा. दोरी कुठवर कोरडी राहिली ते मोजा आणि त्यातून पाइपाची वर राहिलेली वीत वजा करा. आता तुम्हाला अक्षरे आणि आकडे येतात. वहीच्या एका पानावर दोन रकाने आखा. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात किती फुटांवर पाणी. आकडा सहाच्या खाली येऊ लागला की शेजाऱ्याकडे वही घेऊन जा. त्याच्याही रानात एक पाइप पुरायला सांगा.