बर्फावरचा नेमबाज, नेमबाजांचा गुरू

एक प्रयोग करून पाहा. चाळीचे चार जिने धावत चढा आणि वर पोहोचताच सुईत दोरा ओवा. एकदा नव्हे, लागोपाठ पाच वेळा. छाती भात्यासारखी हलते आहे, कानशिले ठणकताहेत, हात थरथरतो आहे आणि शेजारी दुसरा कुणीतरी तेच काम तुमच्याआधी उरकायच्या खटपटीत आहे. या प्रयोगातून बायथलॉन नावाच्या खेळाची थोडीफार कल्पना येईल.

आपल्याकडे हा खेळ फारसा कुणी पाहिलेला नाही. जर्मनीत मात्र हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी लाखो कुटुंबे दूरदर्शन संचासमोर बसतात ती याच खेळासाठी. त्या देशाने या खेळात अनेक विजेते घडवले. फ्रांक उलरिश हे त्यांतले एक ठळक नाव. आधी खेळाडू, मग प्रशिक्षक आणि साठी उलटल्यावर चक्क खासदार! या माणसाची कहाणी केवळ पदकांची असती, तर ती सांगायचे फारसे कारण नव्हते. ती जिंकण्याची आहे, तशीच हरण्याची आणि जुन्या काळाच्या हिशेबाचीही आहे.

खेळ तरी कसा?

स्कीवरून बर्फातून धावायचे आणि मधेमधे थांबून नेमबाजी करायची, असा हा जोडखेळ. उत्तरेकडच्या बर्फाळ देशांतील सीमेवरचे सैनिक स्कीवरून गस्त घालत. त्यांच्या सरावातून तो जन्मला. ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रवेश १९६० साली झाला.

खेळाडूच्या पाठीवर किमान साडेतीन किलोची रायफल असते. आपल्या एन.सी.सी.च्या मुलामुलींनी पॉइंट टू टू रायफल हाताळलेली असते, त्याच बोअरची ही रायफल. लक्ष्य ५० मीटरवर. पालथे झोपून नेम धरायचा तेव्हा लक्ष्याचा व्यास फक्त ४५ मिलिमीटर, म्हणजे आपल्या पेढ्याएवढा. उभ्याने गोळी झाडायची तेव्हा ११५ मिलिमीटर, म्हणजे वाटीच्या तोंडाएवढा. प्रत्येक खेपेला पाच लक्ष्ये.

आणि चुकलात तर? काही शर्यतींत प्रत्येक चुकीमागे १५० मीटरचा शिक्षेचा फेरा मारावा लागतो. २० किलोमीटरच्या जुन्या, मूळ शर्यतीत त्याहून कडक नियम होता. चुकलेल्या एकेका गोळीमागे वेळेत एक पूर्ण मिनिट मिळवले जाई. पायांनी कमावलेले बोटाच्या एका चुकीने घालवायचे, असा हा खेळ!

जंगलातला मुलगा

फ्रांकचा जन्म २४ जानेवारी १९५८ रोजी थुरिंगियाच्या जंगलातल्या ट्रुझेटाल या गावी झाला. हा प्रदेश तेव्हा पूर्व जर्मनीत होता. जवळच ओबरहोफ हे हिवाळी खेळांचे मोठे केंद्र आणि त्याच टापूत झूल हे बंदुका बनवणाऱ्या कारागिरांचे जुने शहर. बर्फ आणि बंदूक या दोन्ही गोष्टी जणू अंगणातल्याच.

पूर्व जर्मनी लहान देश होता, पण खेळात त्याला साऱ्या जगासमोर ताठ मानेने उभे राहायचे होते. हुशार मुले लहानपणीच हेरली जात आणि खास शाळांत, मंडळांत घडवली जात. फ्रांक ओबरहोफच्या लष्करी क्रीडा मंडळाकडून खेळू लागला. १९७६ साली इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या चौघांनी रिले शर्यतीत कांस्यपदक पटकावले. त्या चौघांत तो होता. अठरावे वर्ष पुरे होऊन त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते!

१९७७-७८च्या हंगामात या खेळाची विश्वचषक मालिका सुरू झाली. तिचा पहिला विजेता उलरिशच ठरला. पुढे आणखी तीनदा त्याने ती जिंकली. जगज्जेतेपदे तर एकूण नऊ.

तीन दिवस, दोन धडे

१९८०च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या लेक प्लॅसिड गावी ऑलिंपिक भरले. १६ तारखेला २० किलोमीटरची शर्यत झाली. सोव्हिएत संघाच्या अनातोली अल्याब्येवने वीसच्या वीस गोळ्या लक्ष्यावर मारल्या. उलरिशच्या तीन चुकल्या, म्हणजे तीन मिनिटांचा दंड. तरीही शेवटी दोघांत अंतर किती उरले? जेमतेम साडेअकरा सेकंद! उलरिश बर्फावर इतका वेगाने धावला होता की तीनांपैकी एकच गोळी लागली असती, तरी सुवर्णपदक त्याचे होते. पदरात पडले रौप्य.

रात्र-रात्र झोप उडवायला एवढे पुरेसे होते. पण तीनच दिवसांनी, १९ तारखेला, १० किलोमीटरची शर्यत होती. ऑलिंपिकमध्ये ती प्रथमच होत होती. याही वेळी त्याच्या दोन गोळ्या चुकल्या आणि दोन फेरे मारावे लागले. मात्र या शर्यतीत चुकीची शिक्षा पुऱ्या मिनिटाची नव्हती. त्याने फेरे मारले आणि पुन्हा वाटेला लागला. एकही गोळी न चुकवणाऱ्या व्लादिमीर अलिकिनला त्याने सुमारे ४२ सेकंदांनी मागे टाकले. उलरिश ऑलिंपिक विजेता झाला.

चूक तीच, माणूस तोच. एका दिवशी चूक महागात पडली, दुसऱ्या दिवशी पायांनी ती भरून काढली. पुढे तरुणांना शिकवताना कुणालाही उपयोगी पडावा, असाच हा अनुभव.

२२ तारखेला रिले होती. माथिआस युंग, क्लाउस झीबर्ट, फ्रांक उलरिश आणि एबरहार्ड रोश हे चौघे धावले. सोव्हिएत संघ सुमारे ५४ सेकंदांनी पुढे राहिला. चौघांच्या गळ्यात रौप्यपदके आली. वाचकहो, ही चार नावे लक्षात ठेवा. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

१९८४ साली सारायेव्होच्या ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीचा ध्वज उलरिशच्या हाती होता. पण तिथे पदक एकही मिळाले नाही. स्पर्धांचे दिवस सरले होते. वय होते सव्वीस.

दुर्बिणीमागचा माणूस

खेळणे सोडून उलरिश प्रशिक्षणाकडे वळले. विजेत्याला हे वाटते तितके सोपे जात नाही. स्वतः धावताना निदान आपले पाय आपल्या ताब्यात असतात. प्रशिक्षक मात्र नेमबाजीच्या मैदानामागे दुर्बीण लावून उभा असतो. कुठली गोळी डावीकडे गेली, वाऱ्याने दिशा बदलली का, हे पाहायचे आणि ओरडून सांगायचे. रायफलला हात लावायचा नाही. बाकी सारे आधीच्या हजारो तासांत शिकवून झालेले असावे लागते. मैदानाजवळ येताना वेग किती कमी करायचा, श्वास कुठे थांबवायचा, पहिली गोळी चुकली तर दुसरीची घाई कशी टाळायची, हे सारे सरावातच अंगी भिनवायचे. दहावीच्या परीक्षेला मुलाला सोडून केंद्राच्या फाटकाबाहेर उभ्या राहणाऱ्या आईबापांना ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

त्यातच खेळ बदलत होता. उलरिश यांच्या तरुणपणी स्की समांतर खाचांतून सरळ सरकवत धावत. १९८०च्या दशकाच्या मध्याला बर्फावर दोन्ही बाजूंना पाय फेकत धावण्याची नवी पद्धत रूढ झाली. ज्या चालीने आपण जगज्जेते झालो ती बाजूला ठेवून दुसरीच शिकवायची वेळ आली.

आणि मग देशच बदलला. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी बर्लिनची भिंत उघडली. ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एक झाले. पूर्वेची क्रीडा यंत्रणा मोडीत निघाली आणि कित्येक प्रशिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. काल ज्यांना शर्यतीत हरवायचे होते, ते आज एकाच संघात आले. १९९२च्या ऑलिंपिकमध्ये एकत्र जर्मनीच्या रिले संघाने सुवर्ण जिंकले. त्यात तिघे पूर्वेचे आणि एक पश्चिमेचा होता. तो चौथा, बव्हेरियाचा फ्रिट्झ फिशर, हाती राष्ट्रध्वज घेऊन अंतिम रेषेवर आला.

१९९८ साली जर्मनीच्या पुरुष संघाची सूत्रे मुख्य प्रशिक्षक म्हणून उलरिश यांच्याकडे आली. पुढची बारा वर्षे ती त्यांच्याकडे राहिली.

बापाचे रुपे, लेकाचे सोने

२००२ साली सॉल्ट लेक सिटीत नॉर्वेच्या ओले आयनार ब्योर्नडालेनने चार सुवर्णपदके लुटली. जर्मन पुरुषांना सुवर्णावाचून परतावे लागले. चार वर्षांनी, २००६ साली, इटलीतल्या तुरीनच्या ऑलिंपिकमध्ये चित्र पालटले. मिखाएल ग्राइसने २० किलोमीटरची शर्यत जिंकली. स्वेन फिशरने १० किलोमीटरची मारली. अखेरच्या सामूहिक शर्यतीतही ग्राइसच पहिला आला. पुरुषांच्या पाच शर्यतींपैकी चार सुवर्णपदके उलरिश यांच्या शिष्यांनी नेली.

त्या चारांतले एक रिलेचे. रिको ग्रोस, मिखाएल रोश, स्वेन फिशर आणि ग्राइस असा तो संघ होता. आता ती जुनी चार नावे आठवा. हा मिखाएल रोश म्हणजे एबरहार्ड रोशचा मुलगा. लेक प्लॅसिडला उलरिश यांच्यासोबत धावून ज्याने रौप्य मिळवले, त्याच सोबत्याच्या मुलाच्या गळ्यात सव्वीस वर्षांनी उलरिश यांच्या संघातून सुवर्णपदक पडले. मित्राचे पोर आपल्या हाताखाली आपल्यापुढे गेलेले पाहणे, यासारखे समाधान शिकवणाऱ्याला दुसरे कुठले मिळणार?

त्या चौघांतला क्लाउस झीबर्टही प्रशिक्षक झाला. बेलारूसच्या दार्या डोम्राचेवाला त्याने घडवले. २०१४ साली सोचीच्या ऑलिंपिकमध्ये तिने तीन सुवर्णपदके जिंकली, तेव्हा तिचा हा गुरू कर्करोगाशी झुंजत होता. २०१६ साली तो गेला. १९८०चे ते रौप्यपदक अशा रीतीने किती लांबवर पोहोचले पाहा!

जुना हिशेब

पण ही कहाणी इथे थांबवली तर अर्धीच सांगितल्यासारखे होईल. पूर्व जर्मनीच्या पदकांमागे एक काळी बाजू होती. १९७०च्या दशकापासून तिथे सरकारी योजनेनुसार खेळाडूंना उत्तेजक औषधे दिली जात. कित्येक कोवळ्या मुलामुलींना ही जीवनसत्त्वे आहेत असे सांगून गोळ्या गिळायला लावल्या. त्यांचे परिणाम अनेकांच्या शरीरांनी जन्मभर भोगले. भिंत पडल्यावर कागदपत्रे उघड झाली आणि एकेकाला जाब विचारला जाऊ लागला.

२००९ साली तो प्रश्न उलरिश यांच्याही दारी आला. १९८०च्या दशकात ते प्रशिक्षक असताना या प्रकारात त्यांचा सहभाग होता, असा आरोप त्या काळातल्या एका खेळाडूने केला. उलरिश यांनी तो नाकारला. जर्मन स्की संघटनेने चौकशी केली. उलरिश पदावर राहिले. पण यशाच्या शिखरावरच्या माणसाला वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या दिवसांबद्दल भर चौकात उत्तर द्यावे लागले, हे खरे. ज्या व्यवस्थेने वाढवले तिच्याविषयी कृतज्ञ राहायचे, की तिच्या अपराधांचा हिशेब मांडायचा? पूर्व जर्मनीत वाढलेल्या एका अख्ख्या पिढीपुढे हा पेच होता आणि त्याचे उत्तर पदकांच्या यादीत सापडत नाही.

पाठोपाठ २०१० साली व्हँकुव्हरच्या ऑलिंपिकमध्ये जर्मन पुरुषांना बायथलॉनमध्ये एकही पदक मिळाले नाही. चार वर्षांपूर्वी चार सुवर्णे आणि आता हात रिकामे! त्याच वर्षी उलरिश यांनी मुख्य प्रशिक्षकपद सोडले. पुढे काही काळ त्यांनी जर्मनीच्या क्रॉस-कंट्री स्की धावपटूंना मार्गदर्शन केले.

साठीनंतरची शर्यत

माणसाने आता नातवंडांना खेळवत बसावे, अशा वयात उलरिश निवडणुकीला उभे राहिले. २०२१च्या सप्टेंबरात जर्मन संसदेसाठी सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना झूलच्या मतदारसंघातून उमेदवारी दिली. समोर होते हान्स-गेऑर्ग मासेन, देशाच्या अंतर्गत गुप्तचर खात्याचे माजी प्रमुख आणि सतत वादात असलेले नाव. साऱ्या जर्मनीचे लक्ष या एका लढतीकडे लागले होते. उलरिश स्पष्ट मतांनी जिंकले आणि त्या संसदेच्या क्रीडा समितीचे अध्यक्ष झाले. त्या संसदेची मुदत २०२५ साली संपली.

बंदुका बनवणाऱ्या त्या गावाने एका नेमबाजालाच संसदेत धाडले, हा योगही गमतीचा. पण लोकांनी मत दिले ते बंदुकीला नव्हे. आपल्यातच वाढलेला, आपल्या डोळ्यांदेखत जिंकलेला आणि हरलेला माणूस त्यांनी निवडला.

आपल्या घरातही रोज कुणी ना कुणी धापा टाकत नेम धरत असतोच. कुणी परीक्षेत, कुणी नोकरीत, कुणी आजारपणात. गोळी कधी तरी चुकणारच. उलरिश यांच्या तीन चुकल्या आणि तीन दिवसांनी आणखी दोन चुकल्या. तरीही शिक्षेचा फेरा मारून ते पुन्हा वाटेला लागले. मुलांना पहिला नंबर कसा मिळवायचा हे शिकवणारे पुष्कळ भेटतात. फेरा मारून झाल्यावर पुढे कसे धावायचे, हे मात्र घरातच शिकवावे लागते.