सेकंडहॅन्ड गाडी घेताय? आधी वही काढा!

नोकरीतून निवृत्त होणारे वडील, हाती आलेली फंडाची रक्कम आणि घरात धंद्याच्या शोधात असलेला सुशिक्षित मुलगा, असे चित्र आज अनेक कुटुंबांत दिसते. अशा घरात एक विचार हमखास पुढे येतो. एखादी जुनी मोठी गाडी घ्यावी, घरच्यांनाही उपयोगी पडेल आणि भाड्यानेही चालवता येईल. विचार वाईट नाही. परंतु गाडी घेताना आपण फक्त मालकाने सांगितलेली किंमत पाहतो आणि तेथेच फसतो. जुन्या गाडीची खरी किंमत म्हणजे विकत घेण्याची रक्कम अधिक पहिल्या वर्षीचा दुरुस्तीखर्च. हा दुसरा आकडा कोणी सांगत नाही. तो आपला आपणच काढायचा असतो, आणि तोच या लेखाचा विषय आहे.

उदाहरणासाठी आपण स्कॉर्पिओ घेऊ. २००२ साली बाजारात आलेली ही गाडी नाशिकच्या कारखान्यात बनते. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीही तिचे सुटे भाग मिळतात आणि तिचे काम जाणणारा मिस्त्री सापडतो. जुन्या बाजारात तिला मागणी राहते ती यामुळेच. मात्र पुढे सांगितलेली दुखणी एकट्या तिची नाहीत. दहा वर्षे चाललेल्या कोणत्याही डिझेल एसयूव्हीला ती कमीअधिक प्रमाणात असतात. खर्चाचे आकडे बाहेरच्या चांगल्या गॅरेजचे व ढोबळ आहेत. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ते वाढतील, तालुक्याला मजुरी थोडी कमी पडेल.

नेहमीची दुखणी

टर्बो : इंजिनाला जादा हवा पुरवून ताकद वाढवणारा हा भाग अतिशय वेगाने फिरतो आणि इंजिन ऑइलवरच जगतो. आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदलले नसेल तर पहिला बळी टर्बोचा जातो. गाडी ओढत नाही, शिट्टीसारखा आवाज येतो, निळसर धूर निघतो. दुरुस्ती पंधरा हजारांच्या आसपास होते. नवा बसवायचा तर तीस-चाळीस हजार मोजावे लागतात. लांबचा प्रवास करून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर तसेच चालू ठेवावे, म्हणजे टर्बो थंड होतो. ही सवय लावायला पैसा लागत नाही.

नोझल : इंजिनात डिझेलचा फवारा मारणारे चार इंजेक्टर असतात, त्यांना गॅरेजात नोझल म्हणतात. डिझेलमध्ये पाणी वा घाण गेली की ते बिघडतात. सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, उभ्या जागी थरथरते, काळा धूर सोडते. एक नोझल दुरुस्त करायला चार ते आठ हजार लागतात. नवा घ्यायचा तर पंधरा हजारांच्या आसपास पडतो, म्हणजे चारही बदलायचे झाल्यास साठ हजार झाले! डिझेल फिल्टर वेळेवर बदलण्याचा खर्च यापुढे काहीच नाही.

क्लच : शहरातील गर्दी, घाट आणि पायाखाली सतत दाबून धरलेला क्लच यांनी प्लेट झिजते. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, ही त्याची खूण होय. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग व मजुरी मिळून बारा ते पंधरा हजार लागतात. फ्लायव्हीलही गेले असेल तर खर्च बराच वाढतो.

पुढची सस्पेन्शन : आपल्याकडचे रस्ते कसे आहेत ते सांगायला नको. बुश, बॉल जॉइंट, लिंक आणि शॉकअप ही झिजणारीच वस्तू आहे. खड्ड्यातून जाताना खटखट आवाज येतो, स्टिअरिंग एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतात. पुढचे सगळे काम केल्यास पंधरा ते पंचवीस हजार धरावेत. हे काम न करता नवे टायर टाकणे म्हणजे टायर फुकट घालवणे होय.

पाणी तापणे : रेडिएटर चोंदलेला, पाण्याचा पंप गळका किंवा पंखा नादुरुस्त असला की कसारा घाटासारख्या चढावर काटा वर जातो. तशीच गाडी दामटली तर हेड गॅस्केट उडते. रेडिएटरचे काम पाच-दहा हजारांत भागते, हेड उघडावे लागले की वीस-तीस हजार गेले, आणि संपूर्ण इंजिनाचे काम निघाले तर लाखाची गोष्ट होते. गाडी तापल्यावर रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडते.

धुराची जाळी : १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच विकल्या जातात. यातील डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. गाडी काही वेळ सलग चांगल्या वेगाने चालली तरच ती काजळी जळून जाते. केवळ शाळा, बाजार आणि कचेरी असा दोन-दोन किलोमीटरचा वापर असेल तर जाळी तुंबते आणि मीटरवर दिवा लागतो. ज्यांचा वापर असा थोडा आहे, त्यांनी डिझेलऐवजी पेट्रोल गाडीचा विचार करावा.

पाहणी कशी करावी

गाडी पाहायला सकाळीच जावे आणि आपण येईपर्यंत ती सुरू करू नका, असे मालकाला आधीच सांगावे. थंड इंजिन खोटे बोलत नाही. ऑइलचे झाकण काढून पाहावे. इंजिन चालू असताना तेथून जोराने धूर येत असेल तर आतील रिंग झिजल्या असण्याचा संभव असतो. ऑइल दुधाच्या कॉफीसारखे दिसत असेल तर त्यात पाणी मिसळले आहे, अशी गाडी सोडून द्यावी.

मीटरवरील किलोमीटरवर विसंबू नये, कारण मीटर मागे फिरवणे अवघड राहिलेले नाही. क्लचच्या पेडलवरील रबर, स्टिअरिंगची झीज, ड्रायव्हरच्या सीटची बैठक पाहावी. मीटर सत्तर हजार सांगतो आणि पेडल गुळगुळीत झाले आहे, तर पेडलवर विश्वास ठेवावा. सर्व्हिसच्या पावत्या मागाव्यात.

पुरात बुडालेल्या गाड्याही धुऊनपुसून बाजारात येतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आलेल्या पुरात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, टोकाला चिखलाचा डाग दिसतो. सीटखालच्या पट्ट्यांना गंज, गालिच्याखाली वाळू आणि कोंदट वास या तीन खुणा ध्यानात ठेवाव्यात.

शेवटी, मालकाच्या ओळखीचा नव्हे तर आपल्या विश्वासाचा मिस्त्री सोबत न्यावा आणि स्कॅनर लावून तपासणी करावी. त्याच्या एका दिवसाच्या मजुरीचे हजार-दोन हजार वाचवण्याच्या नादात टर्बोचे चाळीस हजार अंगावर घेऊ नयेत.

कागद हीच गाडी

यंत्र उत्तम पण कागद अपुरे, तरी सौदा वाईटच. गाडीवर कोणाचे कर्ज आहे का, दंडाची चलने थकली आहेत का, विमा चालू आहे का, हे परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर पाहता येते. कर्ज फेडलेले असेल तर बँकेचा दाखला व नमुना ३५ घ्यावा. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ व ३० लागतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.कडे कळवावे, असा कायदा आहे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवली आहे का, ते पाहावे.

विकणाऱ्यांनीही सावध राहावे. नोंदणी आपल्या नावावर असताना अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आपल्यावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून गाडी एजंटच्या हवाली करू नये.

दिल्लीची स्वस्त गाडी हा आणखी एक मोह. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या जुन्या गाड्या इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. अशी गाडी घेतली तर तिकडचा ना-हरकत दाखला, इकडचा रस्ता कर आणि नवी नोंदणी हा खर्च स्वस्ताईतून वजा करावा. मग ती कितीशी स्वस्त राहते, ते दिसेल.

आणि सर्वांत महत्त्वाचे, पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने वा वडापला चालवणे बेकायदेशीर आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते आणि मग सारे घर रस्त्यावर येते. धंदा करायचा असेल तर परमिट आणि पिवळी पाटी यांचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा.

आता हिशेब

समजा, दहा वर्षांची गाडी ४,५०,००० रुपयांना ठरली. पहिल्या वर्षीचा अंदाज असा मांडता येईल :

नाव बदलणे, नंबरपाटी व विमा – रु. २५,०००
ऑइल, फिल्टर, कूलंट व ब्रेक ऑइल – रु. १२,०००
चार टायर – रु. ४०,०००
बॅटरी – रु. ७,०००
क्लच – रु. १५,०००
पुढची सस्पेन्शन – रु. २०,०००
एकूण – रु. १,१९,०००

यात टर्बो नाही, नोझल नाही, हेड नाही. त्यांच्यासाठी ४०,००० रुपये बाजूला ठेवले तर बेरीज १,५९,००० होते. म्हणजे साडेचार लाखांची गाडी सहा लाख नऊ हजारांना पडली. सर्वच गाड्यांना सर्वच कामे निघतील असे नाही, टायर चांगले असतील तर तेवढे वाचतील. पण नियम सोपा आहे. हाती सहा लाख असतील तर साडेचार लाखांची गाडी पाहावी, सहा लाखांची नव्हे. तपासणीत जे काम निघेल ते कागदावर लिहून मालकासमोर ठेवावे आणि तेवढी किंमत कमी करून मागावी. तोंडी घासाघीस करण्यापेक्षा हा कागद अधिक काम करतो.

कर्ज काढणाऱ्यांनी आणखी एक आकडा पाहावा. जुन्या गाडीला व्याज नव्या गाडीपेक्षा जास्त असते. तीन लाख रुपये १४ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ८,२०० रुपये येतो आणि एकंदर फेड ३,९३,००० रुपयांवर जाते. गाडी गॅरेजात महिनाभर उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही. दुरुस्तीसाठी पैसा नाही म्हणून गाडी उभी, गाडी उभी म्हणून उत्पन्न नाही, आणि उत्पन्न नाही म्हणून हप्ता थकला, या फेऱ्यात होतकरू मुलाचा धंदा बसतो आणि वडिलांचा फंडही जातो. शेवटी हात जातो तो घरातल्या बायकांच्या दागिन्यांकडे. म्हणून गाडीचा सौदा फक्त पुरुषांनी चौकात उभे राहून ठरवू नये. घरातील आई, पत्नी व बहीण यांच्यासमोर वही उघडून हा हिशेब मांडावा. घरखर्च चालवणाऱ्या बाईला कोठे पैसा गळतो ते अचूक कळते.

गाडी घेतल्यावरही ती वही बंद करू नये. तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती लागले, एवढे चार रकाने पुरेत. कामाआधी गॅरेजवाल्याकडून लेखी अंदाज घ्यावा, बदललेले जुने भाग परत मागावेत आणि पक्की पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. फसवणूक झाली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. केवळ पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या गाडीचा मालकही कायद्याने ग्राहकच ठरतो, हे आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावे. मात्र तेथे तोंडी बोलणे चालत नाही, कागद चालतो.

आपल्या कष्टकरी माणसांच्या आयुष्यात चार-पाच लाखांची रक्कम वारंवार हाती येत नाही. ती खर्च करण्यापूर्वी एक रविवार गाडी तपासण्यात आणि एक संध्याकाळ हिशेब मांडण्यात घालवावी. हिशेब जमला तर गाडी अवश्य घ्यावी. नाही जमला तर दुसरी पाहावी. बाजारात जुन्या गाड्यांना तोटा नाही.