श्वासांची मोजणी

आमच्या निपाणी-बेळगावकडे पावसाळी गारठा पडला की घरोघरी लहान मुले खोकू लागतात. हा खोकला साध्या पडशाचा की न्यूमोनियाचा, हे ओळखण्यास परिचारिकेला सेकंदकाट्याच्या घड्याळाचा मोठा आधार असतो. मूल रडत अथवा दूध पीत नसताना अंगावरचा कपडा वर सारून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बालकाचे श्वास ५० किंवा अधिक, व एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरल्यास न्यूमोनियाची शंका घेतात. फुप्फुसांतील वायुकोश द्रवाने भरले म्हणजे प्राणवायू अपुरा पडतो. ती उणीव शरीर जलद श्वासाने भरून काढू पाहते.

गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी खेड्यांतील कार्यकर्त्यांना ही मोजणी व औषध देणे शिकविले. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालानुसार तेथील न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. हजारांनी विड्या मोजणाऱ्या आमच्या मायबहिणींना पन्नास श्वास मोजणे जड का जावे?

साध्या पडशास प्रतिजैविक नको. परंतु श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, किंवा मूल दूध घेईनासे झाले असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांच्या आतील अर्भकाची मर्यादा ६०. त्याचा श्वास मुळातच अनियमित असतो, म्हणून ६० भरल्यास पुन्हा एकदा मोजावे; दुसऱ्यांदाही तितकेच भरले, तर घरी थांबू नये.