तेल, ऊन पाणी आणि देहाचा भार

जळगाव जिल्ह्यात चोपडे तालुक्यातील अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव हे स्थान आहे. तेथे गोमुखातून ऊन पाणी कुंडात पडते. शरभंग ऋषींचा त्वचारोग दूर व्हावा म्हणून प्रभू रामचंद्रांनी बाण मारून हा झरा काढला, अशी आख्यायिका आहे. याच नावाचा दुसरा झरा शहादे तालुक्यात आहे; हा तालुका १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात मोडत असे, आता तो नंदुरबारात आहे.

खानदेशचा काळा कातळ लाव्हारसाचाच असल्यामुळे हे पाणी ज्वालामुखीने तापविले असावे, असे पुष्कळांस वाटते. तथापि तो रस थंडावून सुमारे साडेसहा कोटी वर्षे लोटली. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, पृथ्वीच्या अंतर्भागातील स्वाभाविक उष्णतेने तापते आणि तापीच्या खोऱ्यातील कातळाच्या चिरांवाटे पुन्हा वर येते, इतकेच.

अशा पाण्यात गळ्यापर्यंत बसले असता देहाच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा पायांवर उरतो. दिवसभर पाठीचा कणा आणि गुडघे जो भार वाहतात तो पाणी आपल्या अंगावर घेते, आणि उष्णतेने आखडलेले स्नायू सैल पडतात. आरामाचे मर्म मुख्यतः येथे आहे.

हेच मर्म शहरांतील तरंगटाकीत टोकास नेलेले आढळते. १९५४ साली जॉन लिली या अमेरिकन शास्त्रज्ञाने, इंद्रियांस काहीच खाद्य न मिळाल्यास मनाचे काय होते हे पाहण्यासाठी अशी टाकी प्रथम वापरली. त्या वेळी मनुष्य मुखवटा घालून पाण्यात बुडून राही. आजच्या टाकीत पाणी वीतभरच असते. पण त्यात चारपाचशे किलो एप्सम मीठ, म्हणजे जुलाबाचे म्हणून ठाऊक असलेलेच मीठ, विरघळविलेले असते. त्यामुळे पोहता न येणाराही बुचासारखा तरंगतो. पाणी सुमारे ३५ अंश सेल्सिअस, अर्थात त्वचेइतकेच उष्ण ठेवतात. अंग कोठे संपले आणि पाणी कोठे सुरू झाले, हे मग अंधारात कळेनासे होते. हे मीठ त्वचेतून मुरून गुण देते असे सांगतात, त्यास मात्र भक्कम पुरावा नाही.

मालिशाचे माहात्म्य आपल्याकडे नवे नव्हे. मडके, चामडे आणि गाड्याचा आस जसे तेलाने टिकाऊ होतात तसा देह अभ्यंगाने होतो, असा दृष्टान्त चरकाने दिला आहे. चोळण्याने स्नायूंचा ताण उतरतो, झोप बरी लागते. ‘शरीरातील विषे निघून जातात’ ही मात्र विक्रेत्यांची भाषा होय. दिवाळीच्या अभ्यंगात तेल आधी आणि ऊन पाणी मागून, हा क्रम सोयीचाच. टाकीत शिरताना मात्र तेच तेल साबणाने धुऊन काढावे लागते.

खरा धोका आरामाला उपचार समजण्यात आहे. संसर्गजन्य त्वचारोग घेऊन सार्वजनिक कुंडात उतरल्यास तो इतरांस होऊ शकतो. आणि इसबाची कोरडी त्वचा फार ऊन पाण्याने अधिकच चिडते. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावून रक्तदाब उतरतो. म्हणून हृदयरोग्यांनी व गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्यावाचून फार ऊन पाण्यात बसू नये, आणि इतरांनीही एकदम न उठता काठावर थोडे टेकून, घोटभर पाणी पिऊन मग उभे राहावे.