सरहद्दीपलीकडची पहिली सफर

विद्यार्थी मित्रांनो, वर्गाच्या खिडकीबाहेरून एखादी मोठी मोटारसायकल गेली, की मागच्या बाकांवर काय घडते हे मला ठाऊक आहे. केवळ आवाजावरून गाडी कोणती ते ओळखण्याची पैज लागते. एकदा अशीच पैज चालली असताना एका मुलाने मला विचारले, "सर, मोटारसायकलवरून परदेशात जाता येते का?"

जाता येते. दरवर्षी महाराष्ट्रातून कितीतरी लोक मोटारसायकलवरून नेपाळला जातात. मीही गेलो आहे. पण पहिल्या वेळी मी सरहद्दीपर्यंत जाऊन परत आलो. तयारी म्हणजे काय, हे मला त्या वेळी समजले. तेच आज तुम्हांला सांगणार आहे. सफर, तयारी, सामान, सरहद्द हे शब्द तुम्हांला उर्दूतून ओळखीचे आहेतच. त्यांचा खरा अर्थ मात्र रस्त्यावर कळतो.

२०१८ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझा मावसभाऊ, असे दोघे दोन गाड्यांवर मालेगावहून निघालो. इंदूर, भोपाळ, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर असे करत आम्ही उत्तर प्रदेशातील सुनौली या सीमेवरच्या गावी पोहोचलो. अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर होते. समोर नेपाळची कमान दिसत होती. तेथील अधिकाऱ्याने ओळखपत्रे मागितली. माझ्याकडे पासपोर्ट होता. भावाने आधार कार्ड पुढे केले. अधिकाऱ्याने ते पाहून शांतपणे परत दिले आणि म्हटले, "हे चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवा." भावाचे मतदार ओळखपत्र घरी, खालांच्या कपाटात होते. भाऊ म्हणाला, "तू पुढे जा. मी परत जातो." पण बरोबर निघालेल्या माणसाला कमानीखाली सोडून पुढे जाणे मला जमले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघेही माघारी फिरलो.

चूक कोणाची? अधिकाऱ्याची नव्हे. नियम आधीच ठरलेला होता. आम्ही तो विचारला नव्हता. म्हणून तयारीची सुरुवात गाडीपासून नव्हे, तर कागदांपासून करावी.

भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली मैत्रीचा करार झाला. भारतीय नागरिकाला नेपाळमध्ये जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. परंतु आपण भारतीय नागरिक आहोत हे दाखवावे लागते. प्रौढ माणसासाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र हा त्याचा पुरावा होय. आधार कार्ड हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नव्हे. हा फरक आम्हांला दीड हजार किलोमीटर गेल्यावर कळला.

माणसाप्रमाणे गाडीलाही परवानगी लागते. नेपाळी भाषेत जकातीला 'भन्सार' म्हणतात. सीमेवरील भन्सार कार्यालयात गाडीचे नोंदणीपुस्तक आणि चालवण्याचा परवाना दाखवून, जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांचे शुल्क भरावे लागते. त्याची पावती मिळते. ती जपून ठेवावी, कारण वाटेत पोलीस ती पाहतात आणि परतताना ती पुन्हा दाखवावी लागते. ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त राहिल्यास दंड होतो. म्हणून चार दिवसांचे काम असेल, तर एक-दोन दिवस वाढवूनच शुल्क भरावे. दरड कोसळून रस्ता बंद पडला, तर ते दिवस उपयोगी येतात.

या पावतीवरची तारीख पाहून गोंधळू नका. नेपाळमध्ये विक्रम संवत चालते. ते आपल्या नेहमीच्या इसवी सनापेक्षा छप्पन-सत्तावन्न वर्षांनी पुढे आहे. महिनेही वैशाख, जेठ, असार असे असतात. तेव्हा पावती हातात पडताच शेवटचा दिवस कोणता ते तेथेच विचारावे आणि आपल्या तारखेत लिहून ठेवावे. घड्याळही पंधरा मिनिटे पुढे करावे लागते.

गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल, तर अडचण येऊ शकते. शक्यतो स्वतःच्या नावावरची गाडीच न्यावी. विम्याचीही एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आपल्या गाडीचा विमा साधारणपणे भारतापुरता असतो. नेपाळ, भूतान, बांगलादेश अशा शेजारच्या देशांसाठी विमा कंपनीकडून तो वाढवून घ्यावा लागतो. त्यासाठी थोडे जास्त पैसे भरून पॉलिसीला जोडपत्र लावून घेता येते. हे काम घरी असतानाच करावे. अपघात झाल्यावर ते करता येत नाही.

याहून दूरच्या देशांसाठी आणखी कागद लागतात. अनेक देशांत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मागतात. तो आपल्या जिल्ह्याच्या आर.टी.ओ. कार्यालयातून मिळतो. इराणसारख्या देशात गाडी न्यायची तर 'कार्ने' नावाचे पुस्तक लागते. गाडी तेथे विकून न टाकता परत आणू, अशी त्यात हमी असते. नेपाळसाठी मात्र त्याची गरज नाही. म्हणूनच पहिल्या परदेश सफरीला नेपाळ सोयीचा.

सर्व कागदांच्या दोन-दोन छायाप्रती काढाव्यात. एक संच सामानात ठेवावा, दुसरा घरी. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अंगावरच्या खिशात ठेवावेत, गाडीला बांधलेल्या बॅगेत नव्हे. बॅग चोरीस गेली, तर माणूस उघडा पडतो.

आता गाडीकडे वळू. तिची दुरुस्ती निघण्याच्या आदल्या दिवशी करू नये. किमान दोन आठवडे आधी करावी. इंजिन ऑइल, ब्रेक, साखळी, टायर, दिवे आणि बॅटरी तपासून घ्यावी. नंतर शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालवून पाहावी. मेकॅनिकने एखादा बोल्ट सैल सोडला असेल, तर तो गावाजवळच कळावा, नेपाळच्या घाटात नव्हे. टायरची हवा गाडी थंड असताना मोजावी, कारण टायर तापल्यावर आतली हवाही तापते आणि दाब जास्त दिसतो. सोबत क्लचची आणि ॲक्सिलरेटरची केबल, स्पार्क प्लग, फ्यूज, बल्ब, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि हातपंप असावा. नुसते साहित्य असून भागत नाही. चाक कसे काढावे, केबल कशी बदलावी, हे घराच्या अंगणात एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावे.

सामान बांधतानाही विचार करावा लागतो. आमच्या पहिल्या प्रवासात मी सगळे सामान एकाच मोठ्या बॅगेत भरून मागे उंच बांधले होते. वळणावर गाडी डोलायची आणि पुढचे चाक हलके वाटायचे. त्यामागचे कारण तुम्ही विज्ञानात शिकला आहात. वजन जितके उंच आणि मागे, तितका गुरुत्वमध्य वर आणि मागे जातो, आणि तोल सांभाळणे कठीण होते. म्हणून जड वस्तू खाली, गाडीच्या मध्याजवळ आणि दोन्ही बाजूंना सारख्या वजनाने ठेवाव्यात. वर फक्त हलके कपडे आणि रेनकोट असावा.

अंगावर काय घालावे? सर्वांत आधी हेल्मेट. त्यावर आय.एस.आय.ची खूण असावी, ते डोक्यावर घट्ट बसावे आणि त्याचा पट्टा लावलेलाच असावा. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना डोक्याआधी रस्त्यावर पोहोचते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले, तरी पुन्हा वापरू नये. आतला थर एकदा दबला, की तो दुसऱ्यांदा धक्का झेलू शकत नाही. त्याशिवाय जाड जाकीट, हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट हवेत. माणूस पडताना नकळत हात पुढे करतो. म्हणून हातमोजे थंडीसाठी आहेत असे समजू नये. ते तळहातासाठी आहेत.

वेगाचा हिशेब आपण वर्गात करू शकतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्या वेळात गाडी आपल्या वर्गखोलीच्या दुपटीहून अधिक अंतर कापून गेलेली असते. आणि वेग दुप्पट केला, तर ब्रेक दाबल्यावर थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. हा हिशेब ज्याला समजला, तो गाडी जपून चालवतो.

नेपाळमध्ये आपल्यासारखीच डावीकडून गाडी चालवतात, ही मोठी सोय आहे. पण भैरहवा आणि बुटवल ही गावे मागे पडली, की डोंगर सुरू होतात. बुटवलहून पाल्पामार्गे पोखऱ्याला जाणाऱ्या रस्त्याला सिद्धार्थ राजमार्ग म्हणतात. तो सतत वळणांचा आहे. सपाट मुलखात दिवसाला तीनशे-साडेतीनशे किलोमीटर होतात. येथे दीडशे झाले तरी पुष्कळ. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवण्याचा मोह होतो. तो प्राणावर बेतू शकतो. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि तापलेला ब्रेक नीट लागत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये चढ चढतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतार उतरावा. मग इंजिनच गाडीला आवरून धरते.

काळही नीट निवडावा. जून ते सप्टेंबर हे पावसाचे महिने. त्या दिवसांत तेथे दरडी कोसळतात. जुलै २०२४ मध्ये चितवन जिल्ह्यात दरडीमुळे दोन बसगाड्या रस्त्यावरून थेट त्रिशूली नदीत गेल्या. त्यांत साठाहून अधिक प्रवासी होते. बससारख्या अवजड वाहनाची ही गत, तर दोन चाकांची काय कथा! ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल हे महिने चांगले. तेव्हाही अंधार पडण्याआधी मुक्कामाला पोहोचावे.

पैशांचे गणित सोपे आहे. १९९३ पासून भारताचे शंभर रुपये म्हणजे नेपाळचे एकशे साठ रुपये, असा दर ठरलेला आहे. सोबत शंभराच्या भारतीय नोटा ठेवाव्यात. मोठ्या नोटांचे नियम वेळोवेळी बदलतात; ते निघण्यापूर्वी बँकेत विचारून घ्यावेत. शनिवार हा तेथे साप्ताहिक सुट्टीचा दिवस आहे, हेही लक्षात असावे.

मित्रांनो, आमची सफर २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पुरी झाली. या वेळी कागदांची यादी भिंतीवर लावली होती आणि प्रत्येक कागदापुढे दोघांनीही खूण केली होती. माझ्या अम्मीने एकच अट घातली होती, "रोज मगरिबनंतर फोन यायला हवा." म्हणून सरहद्द ओलांडताच आम्ही पहिल्याच बाजारात तेथील सिमकार्ड घेतले. घरी काळजी करणाऱ्या माणसाला रोज कळवणे हाही तयारीचाच भाग आहे.

त्या प्रवासात मला आणखी एक गोष्ट उपयोगी पडली. ती कोणत्याही यादीत नव्हती. नेपाळी भाषा देवनागरी लिपीत लिहितात. तुमच्यासारखाच मीही उर्दू शाळेत शिकलो आणि मराठीच्या तासाला कुरकुरत देवनागरी गिरवली. बुटवलच्या पुढे एका वळणावर पाटी होती. तिच्यावरची अक्षरे मला वाचता आली: 'पहिरो'. अर्थ मात्र कळेना. शेजारच्या चहावाल्याला विचारले. तो डोंगराकडे हात करून म्हणाला, "वरून माती येते. थांबा, चहा घ्या." दरड! पुढे रस्त्यावर पडलेली माती हटवण्याचे काम चालले होते. आम्ही तासभर थांबलो आणि रस्ता मोकळा झाल्यावर निघालो. 'प्रहरी' म्हणजे पोलीस, 'अस्पताल' म्हणजे रुग्णालय, 'बाटो' म्हणजे रस्ता. ज्याला अक्षरे वाचता येतात, त्याला निदान विचारता तरी येते.

तुम्हांला आज गिअरची मोटारसायकल चालवता येणार नाही. त्यासाठी अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि परवाना मिळवावा लागतो. कोणी किल्ली हातात दिली, तरी घेऊ नका. मात्र तयारीला वयाची अट नाही. नकाशा वाचा, सायकलचे पंक्चर स्वतः काढा, कागद जपून ठेवायला शिका.

पोखऱ्याला पोहोचलो, तेव्हा पहाट होत होती असे सांगायला मला आवडले असते. पण खरे म्हणजे दुपार होती आणि ढग होते. माछापुच्छ्रे शिखर दुसऱ्या सकाळी दिसले. मला त्याहून जास्त आठवते ती सुनौलीची कमान. भन्सार कार्यालयाच्या खिडकीपाशी अधिकाऱ्याने मान वर केली आणि तो काही विचारणार, एवढ्यात माझ्या भावाने खिशातून मतदार ओळखपत्र काढून त्याच्यासमोर ठेवले होते.