बियाणे आणि बेणे : बालवाचनातील माहितीपर गद्य

कथा आणि माहिती यांच्या वाक्यरचनेत एक मूलभूत भेद असतो. 'बी रुजले' हे वाक्य एका विशिष्ट बीचा वृत्तान्त सांगते. 'बी रुजते' हे बीमात्राचा नियम सांगते. गोष्टींवर वाढलेल्या मुलाला असा नियम वाचावयास शिकविणे, हे माहितीपर गद्याच्या अध्यापनाचे पहिले कार्य होय.

सोलापूर जिल्ह्यातील अकलूजसारख्या नीराकाठच्या गावी याबाबत एक अडचण उद्भवते. 'वनस्पती बीपासून उगवते' हे वाक्य उसाच्या मळ्यात वावरणाऱ्या मुलाला खोटे वाटणे स्वाभाविक आहे. शेतात उसाचे बी पेरीत नाहीत; कांड्या लावतात. कांडीवरील डोळा फुगून त्यातून कोंब येतो, डोळ्याशेजारच्या ठिपक्यांतून मुळे सुटतात, आणि प्रारंभी कोंब कांडीतील साठ्यावरच पोसला जातो.

शेतकऱ्याच्या भाषेने हा भेद पूर्वीच नोंदविला आहे : ज्वारीचे ते बियाणे, उसाचे ते बेणे. शिक्षकाने ज्वारीचे दाणे व उसाची एका डोळ्याची कांडी शेजारी शेजारी लावावी, आणि पाठातील वाक्य मुलांकडूनच दुरुस्त करवून घ्यावे : 'पुष्कळ वनस्पती बीपासून उगवतात, काही खोडापासूनही उगवतात.' 'पुष्कळ' आणि 'काही' ह्या शब्दांचे मोल कळले, म्हणजे छापील विधान पडताळून पाहता येते. उलट, डोळ्यांनी पाहिलेले बाजूला सारून पुस्तकापुढे मान तुकविण्याची सवय ह्या वयात जडली, तर ती पुढे मोडणे कठीण असते.